नवा म्हणून बसवलेला जुना लिक्विड कूलर

संगणकाचा प्रोसेसर, म्हणजे गणना करणारी मुख्य चिप, द्रवाच्या साहाय्याने थंड ठेवणारा लिक्विड कूलर बसवून घेताना गेल्या एप्रिलमध्ये माझी फसवणूक झाली. तक्रारीचा निकाल अजून लागलेला नसल्यामुळे दुकानाचे नाव मी लिहीत नाही. मात्र व्यवहार कसा झाला आणि लबाडी कशी उघडकीस आली, हे सविस्तर सांगते.

मी पुण्यात वास्तुरचनाकारांसाठी इमारतींची त्रिमितीय चित्रे तयार करते. एकेक रेंडर, म्हणजे संगणकाने आराखड्यावरून अंतिम चित्र तयार करण्याचे काम, रात्रभर चालतो आणि त्या सगळ्या वेळात प्रोसेसर पूर्ण क्षमतेने राबत असतो. माझा प्रोसेसर इंटेलचा कोअर आय-७ १२७००के आहे. पूर्ण भाराखाली तो १९० वॉटपर्यंत वीज खेचतो, आणि उन्हाळ्यात खोलीच तापलेली असली की प्रोसेसरवर बसवलेल्या साध्या, पंख्याच्या एअर कूलरला ती उष्णता आवरत नसे. तापमान ९५ अंशांच्या पुढे जाऊन वेग घटत असे. म्हणून ३६० मिलिमीटरच्या रेडिएटरचा (द्रव निववणाऱ्या जाळीचा) तयार लिक्विड कूलर बसवायचे ठरवले.

दुकानदाराने किंमत ११,००० रुपये सांगितली आणि पक्के बिल हवे असल्यास वर १८ टक्के जीएसटी पडेल, असे सुचवले. मी कच्च्या बिलाला तयार झाले. ही माझी चूक होती आणि ती लपवण्यात अर्थ नाही, कारण पुढचे सगळे तिच्यामुळेच त्याला शक्य झाले. २,००० रुपये आगाऊ यूपीआयने दिले आणि सकाळी संगणकाचे कॅबिनेट दुकानात ठेवून संध्याकाळी उरलेली रक्कम रोख देऊन परत आणले. खोका मागितला तेव्हा, "वॉरंटीचं काम आमच्याकडूनच होतं मॅडम, खोका इथंच राहू द्या," असे उत्तर मिळाले. बिलावर 'कूलर, नग १' एवढेच लिहिले होते.

त्याच रात्री रेंडर लावला आणि मिनिटभरातच तापमान १०० अंशांना टेकले, म्हणजे या प्रोसेसरची कमाल मर्यादाच गाठली गेली. काहीही काम चालू नसतानाही ते ५५ च्या खाली येईना. पंपातून पाणी खळखळल्यासारखा आवाज येत होता. दुसऱ्या दिवशी दुकानदार म्हणाला, "नवीन कूलरमध्ये सुरुवातीला हवा असतेच, आठ दिवस चालवा." मी आठ दिवस थांबले आणि त्या आठवड्यातले एक काम मुदतीत देऊ शकले नाही.

इथे या यंत्राची रचना सांगणे आवश्यक आहे. प्रोसेसरवर तांब्याचा तळ असलेला पंप बसतो, त्यातला द्रव एका नळीने रेडिएटरमध्ये जातो, पंख्यांच्या वाऱ्याने निवतो आणि दुसऱ्या नळीने परततो. सगळे सीलबंद असते. तरीही वर्षानुवर्षांत थोडा द्रव नळ्यांच्या भिंतींतून झिरपून उडून जातो, त्या जागी हवा येते आणि तांब्याच्या तळातील बारीक खाचांत गाळ धरतो. म्हणजे बाहेरून चकचकीत पुसलेला कूलर आतून संपलेला असू शकतो, आणि ते झाकण उघडून पाहता येत नाही. मात्र हाताने कळते. पूर्ण भार असताना दोन्ही नळ्या साधारण सारख्याच कोमट लागायला हव्यात. माझ्या कूलरची एक नळी चटका बसेल इतकी गरम होती आणि दुसरी जवळजवळ गार. पंपाचे फेरे पडद्यावर दिसत होते, पण द्रव पुढे सरकत नव्हता.

अखेर ओळखीच्या एका तंत्रज्ञाने माझ्यासमोर कूलर उतरवला. तळाच्या कडांना जुनी, वाळून खपली धरलेली थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता तळाकडे नेणारा लेप) होती आणि तिच्यावरच नवी फासली होती. पंखे काढल्यावर रेडिएटरच्या पात्यांत धुळीचा थर निघाला. अनुक्रमांकाची चिकटपट्टी खरवडून टाकलेली होती. सर्वांत संताप आला तो कूलर घट्ट धरून ठेवणारी मागची पट्टी पाहून: १२७००के ज्या एलजीए १७०० सॉकेटमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या खाचेत, बसतो, त्याच्या भोकांमधले अंतर ७८ मिलिमीटर असते, तर आधीच्या एलजीए १२०० चे ७५. दुकानात जुन्या सॉकेटचीच पट्टी कानशीने घासून, भोके लांबट करून बसवली होती. त्यामुळे तळाचा दाब एका बाजूला नीट पडतच नव्हता. इतकी मेहनत नकळत होत नाही.

दुकानदाराने वस्तू आपल्याकडची असल्याचेच नाकारले. माझा जुना एअर कूलरही त्याने परत दिला नाही. मी ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली. तिला दुकानाने दाद दिली नाही, तेव्हा जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्ज केला. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क लागत नाही आणि ती दोन वर्षांच्या आत करता येते. पक्के बिल न देणे ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापार प्रथा आहे, हेही मला तेव्हाच समजले. यूपीआयची नोंद, तंत्रज्ञाने कूलर उतरवतानाचे चित्रीकरण, तापमानाच्या नोंदी आणि खुद्द तो कूलर एवढाच पुरावा हाती आहे.

नवा कूलर दुसरीकडून घेताना सीलबंद खोका माझ्यासमोर फोडायला लावला. तळावर कारखान्यातूनच लावलेली पेस्ट आणि तिच्यावरचे प्लास्टिकचे झाकण स्वतः पाहिले, अनुक्रमांक खोक्यावरच्या क्रमांकाशी जुळवून बिलावर लिहून घेतला आणि बसवणे पूर्ण होईपर्यंत तिथेच उभी राहिले. दुकानातून निघण्यापूर्वी अर्धा तास पूर्ण भार देऊन पाहिला. तापमान ८० च्या आसपास स्थिरावले. संगणक ठेवून जाण्याचा आग्रह या दुसऱ्या दुकानाने एकदाही केला नाही. घासलेली पट्टी आणि नवा म्हणून माथी मारलेला तो लिक्विड कूलर मी जपून ठेवला आहे. सुनावणीच्या वेळी ते दोन्ही आयोगासमोर ठेवणार आहे.