लेबलवरचा नंबर खरा होता, कपड्याचा नव्हता

माझ्या दीड वर्षाच्या मुलीसाठी मी ऑनलाइन गडद निळ्या नाइट सूटचे तीन जोड मागवले. जाहिरातीत ‘शंभर टक्के ऑर्गॅनिक कॉटन, केमिकल-फ्री’ असं लिहिलं होतं. लेबलवर ओको-टेक्स स्टँडर्ड १०० चा (कापडात घातक रसायनं आहेत का ते तपासून मिळणाऱ्या प्रमाणपत्राचा) शिक्का आणि खाली नंबरही होता. नंबर दिलाय म्हणजे खरंच असणार, असं मी धरून चालले. तिथेच फसले.

पाकीट उघडताच नाकात झोंबणारा वास आला. विक्रेत्याला मेसेज केला, तर उत्तर आलं, “नवीन कपड्याला वास येतोच मॅडम, एका धुण्यात जाईल.” दोन जोड धुतले, बादलीतलं पाणी निळंशार. पुन्हा धुतले, तरी निळं. तेव्हाच ते बाजूला टाकायला हवे होते. मी ते लेकीच्या अंगात घातले.

चौथ्या दिवशी मानेभोवती, काखेच्या कडेला, गुडघ्यांमागे लाल पुरळ उठलं. रात्रभर पोर खाजवत होती, झोप नाही. डॉक्टरबाईंनी डायपर काढून पाहिलं, तिथली त्वचा स्वच्छ होती. म्हणाल्या, “कापड घासतंय आणि घाम येतोय तिथेच उठलंय. कपडा पॉलिस्टरचा आहे का?” गडद पॉलिस्टर रंगवायला डिस्पर्स रंग वापरतात. ते धाग्याला पक्के बांधलेले नसतात, घामाने आणि घासण्याने सुटून कातडीवर उतरतात, आणि त्यातल्या काही निळ्या रंगांची अ‍ॅलर्जी नेहमी पाहायला मिळते, असं त्यांनी समजावलं. मी म्हटलं, हे तर कॉटन आहे.

घरी येऊन कापडातला एक धागा ओढला. (शिवणीचा घेऊ नका, तो दोरा सुती कपड्यातही बहुधा पॉलिस्टरचाच असतो.) चिमट्यात धरून सिंकवर पेटवला. सुती धागा कागदासारखा जळतो, राख बोटांत चुरते. हा आक्रसला, वितळला आणि टोकाला काळा, टणक मणी उरला. नखाने फुटेना.

मग ओको-टेक्सच्या वेबसाइटवर तो नंबर टाकला. प्रमाणपत्र खरं होतं, पण भलत्याच कंपनीच्या टॉवेलांचं, तेही दुसऱ्या वर्गातलं. तीन वर्षांपर्यंतच्या मुलांच्या कपड्यांना पहिला, सगळ्यात कडक वर्ग लागतो. मोठ्यांच्या अंगाला लागणाऱ्या कपड्यात किलोमागे ७५ मिलिग्रॅम फॉर्मल्डिहाइड (त्वचेला त्रास देणारं एक रसायन) चालतं, बाळाच्या कपड्यात ते चाचणीत सापडताही कामा नये. म्हणून नंबर टाकलात की कंपनीचं नाव, वस्तू, वर्ग आणि मुदत, चारही गोष्टी ताडून पाहा.

‘ऑर्गॅनिक’ या एका शब्दावरही जाऊ नका. कापूस शेतात कसा पिकवला एवढंच तो सांगतो, नंतर कापड कशात रंगवलं ते नाही. जीओटीएस या ऑर्गॅनिक कापडासाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या प्रमाणपत्रात रंगाई-धुलाईही तपासली जाते, पण त्याचाही लायसन्स नंबर शोधून बघा. ‘केमिकल-फ्री’ला तर काहीच अर्थ नाही, रसायनांशिवाय कापड रंगतच नाही.

पैसे मागितले तर “धुतलेला माल परत घेत नाही” म्हणून विक्रेत्याने मला ब्लॉक केलं. आठवड्याभरात तेच फोटो दुसऱ्या नावाने विक्रीला लागले. तिसरा जोड मी न धुता, लेबलसकट पाकिटात बंद करून ठेवलाय, सोबत बिल, जाहिरातीचे स्क्रीनशॉट आणि डॉक्टरांची चिठ्ठी. तक्रार केली आहे.