योगाच्या नावाखाली माझे १,०१,७९९ रुपये गेले, बेळगाव-खानापूरच्या बायकांनी तर नक्की वाचा

आधी हिशोब देते, कारण जो भेटतो तो पहिल्यांदा किती गेले हेच विचारतो. ओळख शिबिर ४९९, सात दिवसांचा कोर्स ३,५००, तीन दिवसांचं निवासी शिबिर २४,०००, तांब्याची पट्टी आणि माळ असलेला ‘एनर्जी किट’ ८,८००, आणि शेवटी टीचर ट्रेनिंग ६५,०००. एकूण १,०१,७९९. यातले ४०,००० भिशीचे होते.

मी बेळगावच्या वडगावात राहते, २२ वर्षं शिवणकाम करते, बीकॉम झालेय, बँकेचे व्यवहार स्वतः करते, त्यामुळं ‘असल्या बायका फसायच्याच’ असं कुणी म्हणू नका. उजवा खांदा धरला होता, फ्रोजन शोल्डर. दोरीवर कपडे घालता येईनात, रात्री त्या कुशीवर वळलं की जीव जायचा. डॉक्टरांनी सांगितलं होतं की शुगरवाल्यांना हे जास्त होतं, व्यायाम करा, सुटायला वर्ष-दीड वर्ष लागेल. बरोबरच सांगितलं होतं. पण लग्नसराईत मशीन बंद ठेवून दीड वर्ष कोण बसणार, आणि इथं एक माणूस समोर उभा राहून २१ दिवसांत बरा करतो म्हणतोय.

योगावर माझा राग नाही, हे पहिलं लिहून ठेवते. आमच्या गल्लीतल्या एक रिटायर्ड बाई देवळाच्या हॉलमध्ये पहाटे साडेपाचला आसनं घ्यायच्या, महिन्याला १०० रुपये, तेही लाईटबिलाला. शुगर जाईल असं त्या कधी म्हणाल्या नाहीत, दुखलं की थांबा एवढंच म्हणायच्या. त्या लेकीकडं पुण्याला गेल्या आणि वर्ग बंद पडला. तेवढ्यात २१ जूनच्या योग दिनाच्या आठवड्यात पत्रक आलं, ‘मन-शरीर समग्र हीलिंग, डायबेटीस मुळापासून’.

मंगल कार्यालयात स्टेजवर योगगुरू बी. के. एस. अय्यंगार गुरुजींचा मोठा फोटो, हार घातलेला. शिबिर घेणारे सर म्हणाले, गुरुजींच्या पायाशी १० वर्षं बसलो. सरांचं वय असेल ३०-३२. गुरुजी २०१४ साली वारले, म्हणजे हा नऊ-दहा वर्षांचा असताना बसला होता का? हा हिशोब मी घरी येऊन सुद्धा घातला नाही, आता रोज घालते.

मग हाताची टेस्ट. तुमच्यावरही हाच प्रयोग करतील म्हणून नीट वाचा. हात खांद्याच्या रेषेत आडवा धरायला लावला आणि सरांनी दोन बोटांनी दाबला, हात सटकन खाली. मग दुसऱ्या हातात तो किट दिला, परत दाबला, हात हलला नाही. सगळ्या बायका ‘अगं बाई’ करायला लागल्या, मी पण. नंतर मुलानं घरात माझ्यावर करून दाखवलं. पहिल्यांदा मनगटाजवळ दाबलं, दुसऱ्यांदा कोपराच्या अलीकडं, आणि दाबायच्या आधी म्हणाला ‘आता घट्ट धर हं’. झालं. किटच्या जागी हातात लाटणं होतं. वर ही म्हणे ऋषींची विद्या. १९६४ साली अमेरिकेतल्या जॉर्ज गुडहार्ट नावाच्या कायरोप्रॅक्टरनं, म्हणजे हातानं मणके-सांधे दाबून उपचार करणाऱ्यानं, काढलेली टेस्ट आहे ही, आणि हातात काय दिलंय हे दोघांनाही माहीत नसेल तर ती चालत नाही.

निवासी शिबिर शिनोळीच्या पुढं एका फार्महाऊसवर होतं. तिथं पाऊण तास जोरजोरात श्वास घ्यायला लावला. बोटांना मुंग्या आल्या, हाताचे पंजे आत वळले, मला रडू फुटलं. सर म्हणाले, ब्लॉक सुटतोय. डॉक्टर म्हणाले, इतका जोरात श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साईड कमी होतो आणि पंजे असेच वळतात, कुणाचेही वळतील. पण त्या रात्री मला खरंच हलकं वाटलं होतं, ते खोटं कसं सांगू. त्याच हलकेपणावर त्यानं पुढचे ६५,००० काढले. ‘ताई, तुम्ही टीचर व्हा, वडगावचं सेंटर तुमचं, महिन्याला २५,००० कुठं गेले नाहीत.’ खांदा गेला तर मशीन पण जाणार ही भीती मनात होतीच, म्हणून मला ते पटलं. हावरटपणा नव्हता तो.

आणि आता तो क्षण. क्यूआर स्कॅन केला तर फोनवर नाव आलं कुठल्यातरी ट्रेडर्सचं. केंद्राचं नाही, सरांचं पण नाही. माझा अंगठा पिनवर थांबला. खरंच थांबला होता हो! मी विचारलं, ‘सर, नाव वेगळं दाखवतंय?’ ते चिडले नाहीत. बाकीच्या बायकांकडं वळून शांतपणे म्हणाले, ‘बघा, ताईंचा खांदा इथंच अडकलाय, विश्वासात.’ बाराच्या बारा जणी माझ्याकडं बघायला लागल्या आणि मी पिन टाकला. लाजेनं टाकला. खात्याचं नाव वेगळं दिसलं की तिथनं उठून चालू पडा, कोण काय म्हणेल ते म्हणू दे.

२०० तासांचं इंटरनॅशनल सर्टिफिकेट म्हणाले होते, मी वहीत तास मोजलेत, ३४ भरले. मुलानं अमेरिकेच्या योगा अलायन्सच्या वेबसाइटवर शाळेचं नाव शोधलं, नव्हतंच. ती पण फक्त नोंदणी करणारी संस्था आहे, तिचा शिक्का म्हणजे सरकारी मान्यता नव्हे. आपल्याकडं आयुष मंत्रालयाचं योग सर्टिफिकेशन बोर्ड आहे, रीतसर परीक्षा असते. आधी बघा, मग पैसे भरा. सरांनी शुगरच्या गोळ्या अर्ध्या करायला सांगितल्या होत्या, मी केल्या, उपाशीपोटी शुगर २८६ आली. गोळीला हात लावू नका, कुणी कितीही गोड बोलू दे.

४१ व्या दिवशी त्याचा नंबर बंद, हॉलवाला म्हणतो भाड्यानं दिला होता.

पोलीस स्टेशनला गेले. पहिल्या दिवशी ‘साहेब्रु इल्ल, नाळे बर्री’, म्हणजे साहेब नाहीत, उद्या या. दुसऱ्या दिवशी मराठी अर्ज चालत नाही, कन्नडमधनं आणा. टायपिंगवाल्यानं ३०० घेतले. तो अर्ज वाचून म्हणाले, शिबिर महाराष्ट्रात झालंय, चंदगडकडं जा. तिकडं गेले तर म्हणतात पैसे बेळगावात दिलेत, कर्नाटकात जा. हद्द आमच्या नशिबालाच आहे, सत्तर वर्षं झाली आम्ही तिच्यावर आहोत, पण चोराला ती लागत नाही, फक्त तक्रार करणाऱ्याला लागते! गुन्हा कुठल्याही हद्दीतला असला तरी एफआयआर लिहून घ्यायला हवी, झिरो एफआयआर, १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या कायद्यात, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये तर सरळ लिहिलंय. मी प्रिंट काढून टेबलावर ठेवली. ती बाजूला सारून विचारलं, ‘तुम्ही स्वतःहून दिलेत ना पैसे? मग?’ डायबेटीस बरा करतो अशी जाहिरात करणंच १९५४ च्या मॅजिक रेमेडीजच्या कायद्यानं गुन्हा आहे म्हटलं, पत्रक दाखवलं, तर म्हणतात ते ड्रग कंट्रोल खात्याचं काम, आमचं नाही. चार चकरा झाल्या, रिक्षा आणि बस मिळून ७६० रुपये, मशीन बंद ती वेगळी. एकानं तर हसून विचारलं, खांदा बरा झाला का? थोडा झालाय, डॉक्टर म्हणाले होते तसा, आपापला.

ऑनलाइन पैसे गेले की त्याच तासात १९३० ला फोन करा. मी ४१ दिवसांनी केला, तोवर खात्यात काय उरणार.

आता ग्राहक आयोगात जातेय. तिथं हद्दीची भानगड नाही, २०१९ च्या कायद्यानं आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, ५ लाखांच्या आतल्या रकमेला फी नाही, मुदत २ वर्षं. आमच्या बॅचच्या सहा जणींच्या पावत्या आणि पेमेंटचे स्क्रीनशॉट जमलेत. निपाणीची एक आहे, खानापूरच्या दोघी आहेत, तिघी इथल्याच. बाकीच्या सहा जणी घरात कळेल म्हणून फोन उचलत नाहीत. त्यांच्यातल्या कुणी हे वाचत असाल तर चॅट डिलीट करू नका, ते पत्रक टाकून देऊ नका. नाव द्यायला नको, नुसता स्क्रीनशॉट पाठवा.