ॲक्रोमेगालीच्या पेशंटला ‘ताकदीची पावडर’ विकणाऱ्यांपासून सावध राहा

माझ्या ताईला ॲक्रोमेगाली आहे. मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीत साधी, कॅन्सरची नसलेली गाठ होते. ती ग्रोथ हार्मोन जास्त सोडत राहते आणि हातापायांचे पंजे, जबडा, नाक वर्षानुवर्षं हळूहळू मोठं होत जातं. ताईची गाठ नाकातून ऑपरेशन करून काढली, उरलेल्या भागासाठी दर चार आठवड्यांनी इंजेक्शन असतं. ग्रोथ हार्मोन आटोक्यात आहे का हे कळायला रक्तात आयजीएफ-१ तपासतात, ते आता वयाच्या मानाने व्यवस्थित येतं. तरीही खुर्चीतून उठताना तिला हाताचा आधार लागतो, जिन्यात मांड्या भरून येतात आणि संध्याकाळपर्यंत ती पार गळून जाते.

बघणाऱ्याला हे पटत नाही, कारण अंगकाठी धिप्पाड दिसते. या आजारात स्नायू भरलेले दिसले तरी त्या मानाने जोर नसतो, विशेषतः मांड्या आणि खांद्यांत. त्यात सांधे दुखतात ते वेगळंच. हार्मोन आटोक्यात आलं म्हणून हे सगळं पूर्ण भरून येतंच असं नाही. “रिपोर्ट नॉर्मल आहेत, मग आता काय होतंय?” हे ताईने घरच्यांकडूनही ऐकलंय. पावडर विकणारा तो माणूस शिरला तो नेमका इथून. “ताई, तुमचा त्रास खरा आहे, डॉक्टर फक्त आकडे बघतात,” असं तो म्हणाला तेव्हा तिचे डोळे भरून आले होते. तिच्या या दुखऱ्या जागेचा त्याने धंदा केला, याचा मला पैशांपेक्षा जास्त संताप येतो.

तो स्वतःला स्नायूंचा तज्ज्ञ म्हणवायचा. मूठ आवळून ताकद मोजायचं यंत्र त्याच्याकडे होतं. या यंत्राची मूठ पुढेमागे सरकवता येते, तिला पाच खाचा असतात. पहिल्या दिवशी त्याने मूठ सगळ्यात लांबच्या खाचेत लावली. “तुमचा पंजा मोठा आहे ना,” असं कारणही दिलं. ताईला उभं करून, हात समोर ताठ धरायला लावून दाबायला सांगितलं. काटा जेमतेम हलला. पावडर सुरू केल्यावरच्या मोजणीत मूठ दुसऱ्या खाचेत होती, ताई खुर्चीवर बसलेली, कोपर काटकोनात. मोजायची खरी पद्धत हीच. काटा चांगलाच वर गेला आणि पुढच्या पूर्ण कोर्सचे पैसे त्याने तिथेच आगाऊ घेतले. बिल दिलं नाही. दोन्ही वेळचे फोटो मात्र ‘पुरावा’ म्हणून त्यानेच मोबाइलवर पाठवले होते. पुढे एका फिजिओथेरपिस्ट मॅडमनी ते फोटो मोठे करून बघितले आणि सरकवलेली खाच आम्हाला दाखवली.

पावडरच्या डब्यावर ना घटक, ना बॅच नंबर. नुसतं ‘शंभर टक्के वनस्पतीजन्य’. सुरुवातीला सांधेदुखी खरंच कमी झाली, भूक वाढली, ताई उत्साहात होती. मग चेहरा गोल सुजल्यासारखा दिसू लागला, साखर चढली. तो म्हणाला, “अंग धरतंय, चांगलं लक्षण आहे.” आणि ताईला जमिनीवरून उठताच येईना.

तिच्या एंडोक्राइनॉलॉजिस्टनी, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरांनी, सकाळचं कॉर्टिसोल (शरीर स्वतः बनवतं ते स्टेरॉइड हार्मोन) तपासलं. ते अगदी खाली होतं. पिट्युटरीच्या ऑपरेशननंतर ते कमी येऊ शकतं, पण त्याने चेहरा असा गोल होत नाही की साखर चढत नाही. त्यांनी लगेच विचारलं, “बाहेरचं काही घेताय का?” डबा प्रयोगशाळेत गेला आणि त्यात डेक्सामेथासोन निघालं, म्हणजे स्टेरॉइड. दुखणं दबलं होतं ते त्याने. हे जास्त दिवस पोटात गेलं की मांड्यांचे आणि खांद्यांचे स्नायू झिजतात. जी ताकद मिळावी म्हणून ताईने पैसे मोजले, तीच त्या पावडरने ओरबाडून नेली. त्याचा फोन तेव्हापासून बंद आहे. डबा, फोटो आणि प्रयोगशाळेचा अहवाल जोडून आम्ही तक्रार दिली आहे.

ॲक्रोमेगालीच्या पेशंटसाठी ॲक्रोक्यूओएल नावाची २२ प्रश्नांची प्रश्नावली आहे. अंगातली ताकद, दुखणं, आरशात बघताना काय वाटतं, लोकांत मिसळणं, हे सगळं त्यात विचारतात. ती आता ताईकडून भरून घेतली. रिपोर्ट चांगले असूनही त्रास होतो हे कुणी विचारत नसेल, तर तुम्ही डॉक्टरांकडे या प्रश्नावलीचं नाव घ्या. खुर्चीतून उठबस करण्यासारखे व्यायाम ताईला फिजिओथेरपिस्ट मॅडम शिकवतायत. सुधारणा हळू आहे, पण आहे.

आणि तुमच्या घरात कुणी अशी बिननावाची पावडर किंवा गोळ्या बरेच दिवस घेत असेल, तर घाबरून एकदम बंद करू नका. आतून स्टेरॉइड जात असेल तर शरीराने स्वतःचं कॉर्टिसोल बनवणं थांबवलेलं असतं. अचानक तोडलं तर उलट्या, रक्तदाब कोसळणं, बेशुद्धी इथपर्यंत जाऊ शकतं. डबा फेकू नका, तो घेऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. ताईला डॉक्टरांनी आधी मोजून-मापून स्टेरॉइड चालू ठेवलं आणि मगच हळूहळू कमी करत आणलं.