सही कुठल्या कागदावर करायची?

अमेरिकेतल्या ओहायो राज्यात भेदभावबंदीचा प्रस्ताव मतदारांपुढे नेण्यासाठी सह्या गोळा करणारी कार्यकर्ती आधी विचारते, "काउंटी (म्हणजे जिल्हा) कुठली?" तिथे एका अर्जावर एकाच काउंटीच्या मतदारांच्या सह्या चालतात. नव्याने नागरिक झालेल्या आपल्या मंडळींनी तिला उलट विचारावं: भेदभावबंदीचा हा प्रस्ताव राज्याच्या घटनेत जाणार की कायद्यात?

घटनेसाठी 2022 च्या गव्हर्नरपदाच्या मतदानाच्या 10 टक्के, म्हणजे 4,13,487 सह्या लागतात. त्याही 88 पैकी निदान 44 काउंट्यांत ठरावीक प्रमाणात. कायद्याला सुरुवातीला 3 टक्के पुरतात. विधिमंडळाने चार महिन्यांत काही केलं नाही, तर आणखी 3 टक्के जमवून थेट मतदारांपुढे जाता येतं. काम कमी होतं खरं, पण लोकांनी मंजूर केलेला कायदा तेच विधिमंडळ पुढे बदलू शकतं. घटनादुरुस्ती त्याला परस्पर मोडता येत नाही.

म्हणजे घटनाच बरी? मलाही तसंच वाटायचं. मग मसुदा वाचला. 'ओहायो इक्वल राइट्स' या गटाचा घटनादुरुस्तीचा प्रस्ताव बांधतो तो राज्य सरकारला आणि स्थानिक संस्थांना. (जुलै 2025 मध्ये बॅलट बोर्डाने (असे प्रस्ताव तपासणाऱ्या राज्याच्या मंडळाने) त्याचे दोन तुकडे केले: समलिंगी विवाहबंदी हटवणं वेगळं, समान हक्क वेगळे. सह्यांची वणवण दुप्पट!) सरकारी नोकरीत असाल तर तो कामाचा. पण दातांच्या डॉक्टरकडे दहा जणांचा स्टाफ आहे आणि समलिंगी म्हणून रिसेप्शनिस्टला काढलं, तर? केंद्राचा कायदा 15 कर्मचाऱ्यांपासून लागू होतो. राज्याचा 4 पासून, पण त्यात लैंगिक कल नावानिशी लिहिलेलाच नाही. ही फट या घटनादुरुस्तीने बुजत नाही, नवा कायदा ती बुजवू शकतो.

घटनेला खासगी मालक बांधता येत नाही असं मात्र नाही. इलिनॉयच्या 1970 च्या घटनेत वंश, धर्म, लिंग वगैरेंवरून नोकरभरती आणि बढतीत भेदभाव करायला कुठल्याही मालकाला मनाई आहे.

आणि घटनेचं कुलूप दोन्हीकडून लागतं. कॅलिफोर्नियात 1996 मध्ये लोकांनीच आणलेल्या प्रपोझिशन 209 या घटनादुरुस्तीने सरकारी नोकऱ्यांत वंश-लिंगावरून भेदभावाबरोबर प्राधान्यही बंद केलं. 2020 मध्ये ते काढायचा प्रस्ताव आला, 57 टक्के मतदारांनी फेटाळला.

दोन्ही अर्ज समोर आले तर मी आधी कायद्यावर सही करीन. घटनेच्या मसुद्यात खासगी मालकाचा उल्लेख सापडला, तरच पेनाचं टोपण पुन्हा काढीन.