र्यॉगो हेन्नुन्दे की र्यॉदागा: आधी कोणतं तोंडात बसवावं?

'करणार होतो, पण बेत फिसकटला' हे कोरियनमध्ये सांगायचे हे दोन नेहमीचे रस्ते. टोपिक दोन, म्हणजे कोरियन भाषेच्या परीक्षेचा वरचा टप्पा, देणाऱ्यांना दोन्ही ओळखता यायलाच हवेत. वाचनाच्या भागात अगदी सुरुवातीला जवळच्या अर्थाची रचना निवडायचे प्रश्न असतात. पण बोलण्यासाठी आधी कोणती घोटावी?

र्यॉदागा हे 'र्यॉगो हादागा'चंच आटलेलं रूप. आपलं मन आपणच बदललं असेल तर एकदम चपखल. 'आमेरिकानो शिखिर्यॉदागा रात्ते शिख्यॉस्सॉयो', अमेरिकानो मागवणार होतो, पण लाते मागवली. इथे हेन्नुन्देही चालतं, फक्त जरा लांबट वाटतं.

माझं घोडं अडलं ते कर्त्यापाशी. र्यॉदागाच्या अलीकडे-पलीकडे कर्ता एकच लागतो. 'पुखानसाने गार्यॉदागा' (पुखानसान डोंगरावर जाणार होतो, पण…) असं म्हणून बसलो आणि पुढे पाऊस आला हे सांगायचंय, तर नुसतं 'पीगा वास्सॉयो' जमत नाही. 'पीगा वासॉ आन गास्सॉयो', म्हणजे पाऊस आला म्हणून गेलो नाही, असा वळसा घेऊन स्वतःकडे परतावं लागतं. आणि बेत मोडतात ते बहुतेक वेळा दुसऱ्या कशामुळे तरीच: पाऊस, ऑफिसचा फोन, अचानक आलेले पाहुणे. तोंड उघडतानाच वाक्याचा शेवट ठरलेला हवा, ही अट मला गप्पांमध्ये फार जाचली.

र्यॉगो हेन्नुन्देला ती नाही. 'पुखानसाने गार्यॉगो हेन्नुन्दे पीगा वास्सॉयो', झालं. बेत मोडलाच पाहिजे असंही नाही. मित्राचा फोन आला की 'चॉन्ह्वाहार्यॉगो हेन्नुन्दे!', अरे, मीच करणार होतो! पुढचं न बोलता सोडलं तरी समोरच्याला कळतं, आणि वडीलधाऱ्यांसमोर शेवटी 'यो' लावला की नम्र सबबही होते. आपलं 'जाणार होतो, पण…' जवळपास जसंच्या तसं इथे बसतं, त्यामुळे मराठी माणसाला हे लवकर साधावं असं मला वाटतं.

ज्यांना मुख्यतः लिहायचंय त्यांचं मत कदाचित वेगळं पडेल. लिहिताना वाक्य जुळवायला वेळ असतो. बोलायचं असेल तर मात्र हेन्नुन्दे आधी रुळू द्या, र्यॉदागा सुरुवातीला खाण्याच्या नि खरेदीच्या निवडींपुरतं ठेवा. आणि बेत पक्का नव्हताच, जावं का असं नुसतं मनात घोळत होतं, तर दोन्ही बाजूला ठेवून 'ल्का हादागा' बघा.