पाळणाघर, आठ महिन्यांनी : भिंती नको, मावशी बघा

सुरुवात मुलाच्या 14व्या महिन्यात, आठवड्याचे पाच दिवस, 9 ते 5.30. कॅमेरा, रंगीत भिंती, ॲक्टिव्हिटीचा तक्ता या सगळ्यांवर फी चढते. मुलावर परिणाम होतो तो एका मावशीचा. म्हणून पहिल्या भेटीत एवढंच विचारा : दोन वर्षांखालची मुलं नेमकं कोण बघतं, एकावेळी किती?

अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ 13 महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत चार मुलांमागे एक बाई सुचवतात. आपल्याकडे हे क्वचितच जमतं. पण फरक जेवणाच्या वेळी उघडा पडतो. चार मुलं असली की वरणभात भरवताना "गरम आहे, फुंकर घाल" असं बोलणं चालतं. नऊ झाली की उरतं फक्त "आ कर". शब्द या बोलण्यातूनच येतात. न सांगता साडेबाराला जाऊन बघा.

अमेरिकेत 1991पासून तेराशेच्या वर मुलांचा मागोवा घेतला गेला. चांगल्या देखभालीत भाषा थोडी पुढे, जास्त तासांमुळे ढकलाढकली थोडी जास्त, आणि दोन्हींपेक्षा घरचा प्रभाव मोठा, असं दिसलं.

रुळायला दोन आठवडे धरा. तीन दिवस तासभर सोबत बसा, मग अर्धा तास सोडा, मग जेवणापर्यंत. झोप सगळ्यात शेवटी. मूल खेळात रमलं की गुपचूप सटकायचं, हा सल्ला सगळे देतात आणि तो चुकीचा आहे. मग ते घरीसुद्धा पदर सोडत नाही. टाटा करून निघा, रडलं तरी.

चावणं दीड-दोन वर्षांच्या वयात बऱ्याचदा येतं : शब्द अपुरे, खेळणं एक, हात चार. ओरडून थांबत नाही. तेच खेळणं दोन नग ठेवलं की कमी होतं. सर्दी पहिल्या वर्षात जवळपास दर महिन्याला. हात, पाय, तोंडावर पुरळ-फोड आणणाऱ्या विषाणूच्या साथीत सॅनिटायझरवर विसंबू नका. डायपर बदलायच्या जागेजवळ नळ-साबण आहे का बघा.

दुपारची झोप तीनपर्यंत संपवायला सांगा, नाहीतर रात्रीचे अकरा. घ्यायला गेल्यावर फुटणारं रडू बहुधा दिवसभर आवरून धरलेलं असतं. रुळल्यानंतर तिथे जेवण सुटलं, येणारे शब्द थांबले किंवा एका ठराविक माणसाला बघून अंग आखडलं, तर मात्र लगेच चौकशी करा.

सहाव्या महिन्यात मावशी बदलली आणि चिकटणं पुन्हा पहिल्यापासून. फी भरतानाच लिहून घ्या : बदल होणार असेल तर दोन आठवडे आधी कळवायचं, आणि त्यातला एक आठवडा दोघी एकत्र.