'फोकस' कॅप्सूल: २ स्टार, त्यातलाही एक कॅफीनला

नीटची तयारी करणाऱ्या आमच्या भाच्याने ही डबी आणली, नाशिकला कॉलेज रोडवरच्या क्लासच्या निम्म्या पोरांकडे आहे म्हणे, ६० कॅप्सूल ८९९ रुपये. ब्रँडचं नाव मुद्दाम लिहित नाहीये कारण असल्या चार-पाच डब्या बघितल्या, आत थोड्याफार फरकाने तेच. मी अंबडला फार्मा कंपनीत क्यूसीला (क्वालिटी तपासणीला) आहे, त्यामुळे आधी मागचं बारीक अक्षर वाचायची खोड.

पॅकिंग चांगलं, सील नीट, एक्सपायरी लांबची.

आत पहिलंच नाव गाबा (मेंदूतलं एक रसायन), १०० मिग्रॅ, पुढे लिहिलंय "मेंदू शांत ठेवते". गाबा मेंदूत ते काम करतं हे खरंय, पण ते मेंदू स्वतःचं स्वतः बनवतो. गिळलेलं गाबा रक्तात येतं आणि बहुतेक सगळं तिथेच राहतं. कारण मेंदूतल्या केशवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट चिकटलेल्या असतात की मधल्या फटीतून काही झिरपत नाही, जे जायचं ते पेशीच्या आतून, म्हणजे एकतर रेणू छोटा आणि चरबीत विरघळणारा पाहिजे नाहीतर त्याला उचलून नेणारं प्रोटीन पाहिजे. सिंहस्थात पास नसलेली गाडी बाहेरच्या पार्किंगलाच थांबते ना, तसं. ग्लुकोजला असं प्रोटीन आहे, असायलाच हवं, मेंदू वजनाने २ टक्के आणि एनर्जी खातो २० टक्के. गाबाला मात्र आत शिरायला जवळपास वाव नाही. ही भिंत काही आत्ता सापडलेली नाही हो, १८८५ ला एर्लिक नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने प्राण्यांच्या रक्तात रंग सोडला तर सगळं अंग रंगलं आणि मेंदू कोराच राहिला, आणि १९१३ ला गोल्डमनने रंग थेट मेंदूभोवतीच्या पाण्यात सोडला तर मेंदू रंगला, बाकी अंग नाही. डबीवाल्यांपर्यंत बातमी पोचायची आहे बहुतेक.

मग "डोपामिन बूस्टर". डोपामिन हेही मेंदूतलंच एक रसायन, आणि ते पण ही भिंत ओलांडत नाही. आमच्या बिल्डिंगमधल्या काकांना पार्किन्सन्स आहे, त्यांच्या गोळीत म्हणूनच डोपामिन नसतं, लेव्होडोपा असतं, ते अमिनो ॲसिडच्या प्रोटीनवर बसून आत जातं आणि तिथे त्याचं डोपामिन होतं. सोबत कार्बिडोपा, ते स्वतः आत जात नाही पण लेव्होडोपा बाहेरच खर्च होऊ देत नाही. काय डोकं लावलंय बघा. या कॅप्सूलमध्ये टायरोसिन आहे, म्हणजे डोपामिन ज्यापासून बनतं ते अमिनो ॲसिड, ते त्याच प्रोटीनवरून जातं, पण जेवणातली बाकीची अमिनो ॲसिड्सही त्याच लाइनीत उभी असतात, आणि डबीवर सूचना काय तर "जेवणानंतर घ्यावे"! शिवाय धडधाकट मेंदूत टायरोसिन वाढलं म्हणून डोपामिन त्या प्रमाणात वाढतं असंही नाही.

थिएनिन नावाचं अमिनो ॲसिडही आहे, ते जातं आत, चहातही असतं. ब्राह्मी किती आहे ते "प्रोप्रायटरी ब्लेंड"मध्ये (म्हणजे कंपनीचं मिश्रण, प्रत्येकाचं प्रमाण न सांगता) लपवलंय, सोडून दिलं.

शेवटच्या ओळीत सगळ्यात लहान अक्षरात कॅफीन, १०० मिग्रॅ. म्हणजे एक कडक कॉफी. हे बिनबोभाट मेंदूत जातं, झोप आणणाऱ्या ॲडेनोसिनची जागा अडवून बसतं, आणि भाचा म्हणतो "मामी, खरंच फरक पडतो गं" तो फरक हा. रात्री जेवून एक घेतली तर दोन वाजेपर्यंत टक्क जागा, कारण निम्मं कॅफीन उतरायलाच पाचेक तास लागतात. वर पठ्ठ्या शिंकांसाठी क्लोरफेनिरामिनवाली जुनी सर्दीची गोळी पण घेत होता, ती मेंदूत शिरते म्हणून झोप आणते. म्हणजे एक गोळी झोपवणार, दुसरी उठवणार. फेक्सोफेनाडिन या नव्या प्रकारच्या ॲलर्जीच्या गोळीने सहसा तशी झोप येत नाही, ते आत घुसायला गेलं की त्या पेशींमधला पंपच त्याला परत रक्तात फेकतो. पण गोळी बदलायची तर डॉक्टरांना विचारून.

एक स्टार पॅकिंगला, एक कॅफीन निदान लेबलवर लिहिलंय म्हणून. बी-१२ पण आहे यात, पण ते कमी असेल तर ब्लड टेस्ट करून वेगळं घ्या, स्वस्त पडतं. आणि हो, सील फोडलं की परत घेत नाहीत.